डी ड्राइव्हवर आहे म्हणजे जपून ठेवलंय, असं नाही

पाऊस तोंडावर आला की आपल्याकडची दुकानदार मंडळी खालच्या फळीवरचा माल वर हलवतात. कोल्हापुरातल्या शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, दुधाळी, सुतारमळा इथल्या माणसांना हे शिकवावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना टेकली की इशारा, ४३ ला धोका, हे इथलं शाळकरी पोरही सांगतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये ती ५५ फुटांच्याही वर गेली. गाद्या गेल्या, पोती गेली, मोटारी गेल्या. त्यांचे पंचनामे झाले. टेबलाखाली ठेवलेल्या संगणकाच्या डब्यातला हिशोब मात्र कुठल्याच पंचनाम्यात भरून निघाला नाही. सभासदांच्या ठेवी, दुधाची बिलं, उधारीच्या वह्या, फौंड्रीतली ड्रॉइंगं, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो, असं सगळं त्यात होतं.

मी छोट्या ऑफिसांचे संगणक सांभाळतो. "बॅकअप आहे का?" असं विचारलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: "आहे की! डी ड्राइव्हला टाकून ठेवलाय." सांगणारा खोटं बोलत नसतो. पडद्यावर त्याला सी आणि डी अशा दोन वेगळ्या डिस्क दिसतात, त्यामुळे दोन ठिकाणी ठेवलंय असं त्याला मनापासून वाटतं. माझं आवाहन या एका समजुतीबद्दल आहे. पडद्यावर जी डिस्क दिसते ती संगणकानं तुमच्यापुढे उभी केलेली असते. तिच्या खाली खरी वस्तू कुठली आहे, किती आहेत आणि कुठे आहेत, हे तुम्ही स्वतः पाहिलं पाहिजे, आणि तेही पाऊस सुरू व्हायच्या आधी.

डिस्कचं काम कसं चालतं ते थोडं समजून घेऊ. डिस्कला फाईल कळत नाही, फोल्डर कळत नाही, टॅली तर मुळीच कळत नाही. तिला कळतात फक्त नंबर. ५१२ बाइटचा एक कप्पा असतो, त्याला सेक्टर म्हणतात. पहिल्याचा नंबर शून्य, पुढचा एक, मग दोन, असं करत बाजारातल्या एक टीबीच्या नेहमीच्या डिस्कवर १,९५,३५,२५,१६८ कप्पे भरतात. "या नंबरचं वाचून दे, त्या नंबरात हे लिही" एवढाच तिच्याशी होणारा व्यवहार. असा व्यवहार करणाऱ्या साधनाला ब्लॉक डिव्हाइस म्हणतात. वरचे सगळे प्रोग्रॅम आणि खालची डिस्क यांच्यामध्ये ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा बसलेला असतो, तो कर्नल. आणि हा व्यवहार इतका आखूड असल्यामुळेच कर्नलला डिस्कचं सोंग घेणं सोपं जातं. नंबर विचारला की ५१२ बाइट द्यायचे, मग ते कुठूनही आणलेले असोत. विचारणाऱ्याला फरक कळतच नाही.

लिनक्समध्ये हे काम करणाऱ्या भागाचं नाव डिव्हाइस मॅपर. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ आवृत्तीपासून तो कर्नलमध्ये आहे. त्याचा कारभार एका तक्त्यावर चालतो. तक्त्याची एक ओळ अशी असते: "० १०००००० लिनिअर /डेव्ह/एसडीए१ २०४८". पहिला आकडा म्हणजे सोंगाच्या डिस्कवरचा सुरुवातीचा कप्पा, दुसरा म्हणजे तिथून पुढे किती कप्पे, तिसरा शब्द म्हणजे त्यांचं काय करायचं, आणि उरलेलं म्हणजे ते खरे कुठे आहेत. इथे अर्थ असा की पहिले दहा लाख कप्पे एसडीए नावाच्या डिस्कच्या पहिल्या भागात २०४८ नंबरापासून सलग आहेत. "लिनिअर" म्हणजे सरळ. त्या जागी "क्रिप्ट" लिहिलं तर जाता-येता कुलूप लागतं. "स्नॅपशॉट" लिहिलं तर जुनं तसंच राहून नवं लिखाण दुसरीकडे साठतं. "एरर" लिहिलं तर त्या कप्प्यांना हात लावणाऱ्याला कर्नल सरळ नकार देतो.

हा तक्ता कर्नलच्या हाती देण्यासाठी एक वेगळी खिडकी आहे, /डेव्ह/मॅपर/कंट्रोल नावाची. माहिती वाचण्या-लिहिण्याची वाट निराळी आणि हुकूम देण्याची वाट निराळी. या खिडकीतून प्रोग्रॅम सांगतो: अमुक नावाची डिस्क उभी कर, तिचा तक्ता घे, चालू कर, थांबव, मोडून टाक. ही खिडकी फक्त रूटला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यालाच उघडते, आणि ते तसंच हवं, कारण तक्त्यातला एक आकडा चुकला तर कर्नल दुसऱ्याच कुणाच्या कप्प्यात बिनदिक्कत लिहील. त्याला चूक आणि बरोबर यातला फरक कळायचं कारण नाही. दुसरी पद्धत याहून साधी आहे: लूप डिव्हाइस. एखादी फाईल घ्यायची आणि कर्नलला सांगायचं की हीच डिस्क समज. लगेच /डेव्ह/लूप० नावाची डिस्क हजर होते.

हे सगळं सर्व्हरवाल्यांचं खूळ आहे असं वाटत असेल तर खिशातला मोबाइल बाहेर काढा. अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच आहे. मूळ सिस्टिमचा ४ केबीचा कुठलाही तुकडा वाचला जाताना तो कुणी बदललेला नाही ना, याची तपासणी याच डिव्हाइस मॅपरचा व्हेरिटी नावाचा भाग करतो. अँड्रॉइड १० पासून सिस्टिमचे निरनिराळे भाग "सुपर" नावाच्या एकाच मोठ्या जागेतून कोरून दिले जातात, तेही त्याच तक्त्यानं. गंगावेशीत दूध घालायला आलेल्या माणसाच्या फोनमध्ये हे रोज सकाळी चालतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. एका शेताच्या तीन भावांत कागदावर वाटण्या झाल्या तरी नदी चढली की तिघांचंही शेत पाण्याखाली जातं. सी, डी आणि ई ड्राइव्ह या अशाच वाटण्या आहेत. खालची डिस्क एकच असेल तर सीमधून डीमध्ये केलेली कॉपी ही त्याच तबकडीच्या दुसऱ्या भागावर झालेली असते. चुकून फाईल पुसली गेली तर ती कामाला येईल, विंडोज बिघडून सी साफ करावा लागला तरी येईल. पण डिस्क गेली, चोरीला गेली, पाण्यात गेली, तर दोन्ही एकदम जातात.

हे तपासायला कुणाला बोलवावं लागत नाही. विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर उजवं क्लिक करा आणि डिस्क मॅनेजमेंट उघडा. खाली आडव्या पट्ट्या दिसतील. डाव्या कडेला "डिस्क ०", "डिस्क १" असं लिहिलेलं असतं, आणि त्या पट्टीत उजवीकडे सी, डी यांचे चौकोन. दोन्ही चौकोन "डिस्क ०" च्या ओळीतच असले तर तुमच्याकडे बॅकअप नाही, असं समजून चाला. "डिस्क १" वेगळी दिसली तरी लगेच निश्चिंत होऊ नका. तिच्या नावाशेजारचं चित्र फिक्या निळ्या रंगाचं असेल तर ती खरी डिस्क नसून व्हीएचडी नावाची फाईल असते, आणि ती फाईल बहुधा "डिस्क ०" वरच ठेवलेली असते. मग डबा उघडा आणि आत डिस्क किती आहेत ते डोळ्यांनी मोजा. हे करायला संकोच वाटायचं काही कारण नाही. डबा तुमचा आहे, हिशोब तुमचा आहे.

लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये एलएसबीएलके एवढाच हुकूम द्या. झाडासारखी मांडणी येते. डावीकडे खरी डिस्क, तिच्या पोटात भाग, त्यांच्या पोटात एलव्हीएम (डिस्कच्या जागेच्या वाटण्या करणारी सोय) किंवा क्रिप्ट असं लिहिलेले थर. उबुंटूवर लूप१, लूप२ अशी रांगच दिसते. ते स्नॅप पद्धतीनं बसवलेले प्रोग्रॅम आहेत, घाबरू नका. तक्ता जसाच्या तसा पाहायचा असेल तर डीएमसेटअप टेबल. या हुकमांनी काहीही बदलत नाही, म्हणून शिकणाऱ्यानं ते पुन्हा पुन्हा द्यावेत आणि झाड कागदावर काढून डब्याच्या आत चिकटवावं. उद्या तुम्ही गावाला गेलात आणि डिस्क बिघडली तर जो कुणी येईल त्याला तो कागद लाखमोलाचा आहे.

आणखी तीन गोष्टी खोटा दिलासा देतात. पहिली रेड. यात दोन डिस्कवर एकच मजकूर सतत लिहिला जातो. एक डिस्क जळाली तर काम थांबत नाही, हे खरं. पण रात्री कुणी फाईल पुसली तर ती दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते, आणि दोन्ही डिस्क एकाच डब्यात असल्यामुळे पाणी दोघींनाही गाठतं. दुसरी स्नॅपशॉट. ही फार उपयोगाची सोय आहे. काम चालू असताना एका क्षणाचं चित्र गोठवता येतं आणि त्यावरून शांतपणे कॉपी काढता येते. पण गोठवल्यानंतर बदललेल्या कप्प्यांची जुनी नक्कल त्याच जागेत साठत राहते, आणि तिच्यासाठी राखलेली जागा भरली की स्नॅपशॉट निकामी होतो. म्हणून स्नॅपशॉट काढा, त्यावरून बाहेरच्या डिस्कवर कॉपी घ्या आणि स्नॅपशॉट मोडून टाका. तिसरी थिन पूल. यात १०० जीबीच्या जागेवर ५०० जीबीचं आश्वासन देता येतं. सगळ्यांनी एकदम जागा मागितली की कर्नल नेहमीच्या मांडणीत ६० सेकंद वाट पाहतो आणि मग लिहिणं नाकारू लागतो. ज्यांच्या सर्व्हरवर हे आहे त्यांनी एलव्हीएस हुकमातला डेटा टक्का दर सोमवारी वहीत लिहावा. ऐंशीच्या वर गेला की नवी डिस्क आणायला निघावं.

खरा बॅकअप म्हणजे दुसऱ्या छपराखाली ठेवलेली दुसरी वस्तू. लक्ष्मीपुरीतल्या दुकानाची डिस्क आर. के. नगरला राहणाऱ्या भाच्याकडे, चिखली-आंबेवाडीच्या संस्थेची पन्हाळ्याच्या पाहुण्यांकडे, असं ठेवा. क्लाउडवर ठेवलं तरी उत्तम. पण २०१९ मध्ये वीज नव्हती, नेट नव्हतं आणि शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेल्यामुळे पुण्याकडची वाट कित्येक दिवस बंद होती, हे विसरू नका. एक प्रत हाताशी असावी, एक दूर असावी. मूळ प्रत गेली की काय होतं हे या शहराला नव्यानं सांगायला नको. बाबूराव पेंटरांचा १९२० चा 'सैरंध्री' चित्रपट आज पाहायला मिळत नाही. १९४८ मध्ये भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला, तेव्हा आत जे होतं ते गेलंच. त्या काळी फिल्मची दुसरी प्रत काढणं खर्चाचं होतं. आज एक टीबीची बाहेरची डिस्क छोट्या संस्थेलाही परवडते.

आता समजा, जे व्हायला नको ते झालं. पाणी ओसरलं, शटर उघडलं, आणि डबा चिखलानं भरलेला आहे. इथे माणसं जे करतात त्यानंच जास्त नुकसान होतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

बुडालेली डिस्क वायर लावून "चालते का बघू" म्हणून चालू करू नका. फिरत्या तबकडीच्या बहुतेक डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं, त्यावर गाळणी असते. ती पूर्ण बंद पेटी नव्हे. त्या भोकातून पाणी आणि पंचगंगेचा बारीक गाळ आत गेलेला असू शकतो. आतलं वाचणारं डोकं तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं, केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी. मध्ये गाळाचा कण आला की तबकडीवर चरा पडतो, आणि चरा पडलेलं कुणालाच परत आणता येत नाही. उन्हात वाळवू नका, हेअर ड्रायर लावू नका, तांदळाच्या डब्यात ठेवू नका. गाळ सुकून पक्का चिकटतो. घरी झाकण तर उघडूच नका. ओली आहे तशीच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, वर संस्थेचं नाव आणि तारीख लिहा, आणि आतला मजकूर खरोखर मोलाचा असेल तर स्वच्छ खोली असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्या. एसएसडीला फिरता भाग नाही, तरी ओली असताना वीज दिली तर तिच्यातली चिप जळू शकते. आणि एसएसडीवर पुसलेली फाईल परत मिळण्याची आशा फार कमी असते, कारण पुसल्यावर कर्नल तिला "हे कप्पे आता नको आहेत" असं कळवतो आणि ती ते आतून रिकामे करून टाकते.

बुडाली नाही, पण वीज गेल्या-आल्यानं किंवा वयानं कुरकुरायला लागली, अशा डिस्कचं काम मात्र शिकलेल्या माणसाला इथल्या इथे करता येतं. अट एकच: मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही. विंडोज विचारतं, "या ड्राइव्हमध्ये अडचण आहे, तपासून दुरुस्त करू का?" तिथे नाही म्हणा. ती दुरुस्ती म्हणजे लिखाण असतं. मरायला टेकलेल्या डिस्कवर चेकडिस्क चालवून उरलंसुरलं घालवल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत, आणि त्या माणसांच्या चेहऱ्याकडे पाहवत नाही. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करा आणि वरच्यासारखीच तज्ज्ञाकडे पाठवा.

आवाज नसेल तर मूळ डिस्कहून मोठी नवी डिस्क आणा आणि पेनड्राइव्हवरच्या लिनक्सनं संगणक सुरू करा. बाहेरून लावलेली डिस्क आपोआप उघडण्याची सोय आधी बंद करा. मग एलएसबीएलकेला मॉडेल आणि सीरियल नंबरही दाखवायला सांगा आणि तो नंबर डिस्कवरच्या लेबलाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा. कोणती जुनी आणि कोणती नवी यात घोळ झाला तर रिकाम्या डिस्कची कॉपी भरलेल्या डिस्कवर होते, आणि त्याला औषध नाही. ताडून झालं की ब्लॉकडेव्ह हुकमानं जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती करा. हे कुलूप कर्नलच्या पातळीवर लागतं, म्हणून महत्त्वाचं आहे. नुसती फाइलसिस्टिम "फक्त वाचा" म्हणून जोडली तर पुरत नाही. ईएक्सटी४ सारखी फाइलसिस्टिम तशी जोडतानाही आपल्या जर्नलमधलं अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला जाते आणि डिस्कवर लिहून बसते.

नंतर डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम चालवा आणि जुन्या डिस्कची अख्खी प्रत, म्हणजे इमेज, नव्या डिस्कवर एका फाइलीत घ्या. साधी कॉपी खराब कप्प्यावर अडली की तिथेच डोकं आपटत राहते आणि डिस्क आणखी थकते. डीडीरेस्क्यू आधी जे सहज वाचता येतं ते उचलतो, खराब जागा नोंदवून ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे परत येतो. त्याला नोंदीची फाईल द्यायला विसरू नका. मध्येच लाईट गेली तरी ती फाईल असेल तर काम होतं तिथून पुढे सुरू होतं. कॉपी पूर्ण झाली की जुनी डिस्क काढा, पिशवीत घाला आणि कपाटात ठेवा. इथून पुढे तिला हात लावायचा नाही.

हाती आलेली इमेज म्हणजे एक मोठी फाईल. तिला लॉसेटअपनं लूप डिव्हाइस करा, फक्त वाचण्यापुरतं. आता दुरुस्तीचे प्रोग्रॅम चालवायचे तर त्यांना लिहायला जागा हवी, आणि इमेज तर खराब व्हायला नको. इथे तो तक्ता कामाला येतो. एक रिकामी फाईल बनवून तिचंही लूप डिव्हाइस करा आणि डीएमसेटअपला एवढी ओळ द्या: "० १९५३५२५१६८ स्नॅपशॉट /डेव्ह/लूप० /डेव्ह/लूप१ एन ८". याचा अर्थ असा: एक टीबीची डिस्क उभी कर, वाचताना लूप० मधून वाच, कुणी लिहायला गेलं तर लूप० ला धक्का न लावता ते लूप१ मध्ये ठेव, हे संगणक बंद झाल्यावर टिकवायची गरज नाही, म्हणून एन, आणि एका वेळी आठ सेक्टर, म्हणजे ४ केबीचा तुकडा हाताळ. उभ्या राहिलेल्या या डिस्कवर हवी ती दुरुस्ती चालवा. फाइली निघाल्या तर चांगलंच. दुरुस्तीनं आणखी गोंधळ केला तर ही सोंगाची डिस्क मोडा, रिकामी फाईल नव्यानं बनवा आणि दुसरा उपाय करून पाहा. मूळ इमेज जशीच्या तशी असते. संगणक दुरुस्त करणाऱ्या माझ्या भावांनो, गिऱ्हाइकाच्या डिस्कवर थेट प्रयोग करायचा नाही. हे तंत्र फुकट आहे, कुठल्याही लिनक्समध्ये आहे, आणि एकदा बसून शिकलं की असं काम हमखास त्या पद्धतीनंच करावंसं वाटतं.

ज्यांच्या हाती रूटचा पासवर्ड आहे त्यांना आणखी थोडं सांगायचं आहे. डिस्क मोडायला गेल्यावर "डिव्हाइस बिझी" असं उत्तर आलं तर ते ऐका. कोणीतरी ती वापरत आहे, एवढाच त्याचा अर्थ. फोर्स लावून मोडलीत तर कर्नल तिच्या तक्त्याच्या जागी "एरर" चा तक्ता बसवतो, आणि त्या क्षणापासून वर चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमचं लिखाण वाया जातं. रिमूव्ह ऑल नावाचा हुकूम तर चालत्या सर्व्हरवर कधीच देऊ नका. सस्पेंड केलेली डिस्क रिझ्यूम करायला विसरलात तर तिच्यावर लिहायला गेलेले प्रोग्रॅम गप्प अडकून बसतात, कसलीही सूचना न देता. सगळं गोठलेलं दिसलं की संगणक बंद करण्याआधी डीएमसेटअप इन्फो पाहा. तिथे सस्पेंडेड लिहिलेलं असतं. हीच सोय नीट वापरली तर मोठं काम होतं. क्षणभर थांबवायचं, तक्ता बदलायचा, पुन्हा चालू करायचं, या आधारावर पीव्हीमूव्ह नावाचा हुकूम जुन्या डिस्कवरचा मजकूर नव्या डिस्कवर नेतो आणि काउंटरवरच्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. एलव्हीएम वापरत असाल तर /ईटीसी/एलव्हीएम फोल्डरातल्या बॅकअप आणि आर्काइव्ह या दोन जागा बाहेरच्या डिस्कवर घ्या. वाटण्यांचे कागद तिथे साध्या मजकुरात लिहिलेले असतात.

मदत मागताना लोक पडद्याचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. डीएमसेटअप टेबल एरवी कुलपाची किल्ली झाकून शून्यं दाखवतो. शो कीज हा पर्याय जोडून दिलेल्या हुकमाचा फोटो चुकूनही पाठवू नका, कारण त्यात किल्लीच उघडी पडू शकते.

कुलपाचा विषय निघालाच आहे, तर पतसंस्थांच्या आणि सीएंच्या ऑफिसांसाठी एक विनंती. लॅपटॉपला कुलूप लावा. एसटीत विसरला, बसस्टँडवरून कुणी उचलला, तरी सभासदांची माहिती बाहेर जायला नको. पण कुलूप लावलं की किल्लीची जबाबदारी संपूर्ण तुमची. लिनक्सच्या लक्स पद्धतीत डिस्कच्या सुरुवातीला एक छोटा भाग असतो, त्यात खरी किल्ली तुमच्या पासवर्डनं बंद करून ठेवलेली असते. तेवढा भाग खराब झाला तर बाकीचं एक टीबी शाबूत असूनही वाचता येत नाही. त्याची प्रत काढायला क्रिप्टसेटअपमध्ये वेगळा हुकूम आहे, ती काढा आणि लॅपटॉपच्या बाहेर ठेवा. विंडोजमध्ये बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की असते. नव्या लॅपटॉपवर बरेचदा कुलूप आपोआप लागलेलं असतं आणि की ज्यानं लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. तो तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेला पोरगा असला तर? आजच की शोधा, कागदावर छापा, पाकिटात घालून सील करा आणि संस्थेच्या तिजोरीत ठेवा. पाकीट कुठे आहे हे दोघांना माहीत असू द्या, सचिवांना आणि अध्यक्षांना.

शेवटचं सांगणं इंजिनिअरिंगच्या आणि बीसीएच्या मुलांना, आणि त्यांच्या सरांना. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात एवढी कॉलेजं आहेत, प्रत्येकाच्या लॅबमध्ये लिनक्स चालू शकतं. पुस्तकातली व्याख्या पाठ करण्यापेक्षा एका दुपारी हा प्रयोग करा. एक जीबीची रिकामी फाईल बनवा, तिला लूप डिव्हाइस करा, म्हणजे २०९७१५२ सेक्टरची डिस्क मिळाली. फाइलसिस्टिम बनवून तिच्यात काही फोटो आणि वह्या भरा, आणि मग मोकळी करा. आता डीएमसेटअपला तीन ओळी द्या:

"० १०००००० लिनिअर /डेव्ह/लूप० ०"
"१०००००० ८ एरर"
"१०००००८ १०९७१४४ लिनिअर /डेव्ह/लूप० १०००००८"

ही मुद्दाम खराब केलेली डिस्क. मधले आठ कप्पे वाचताच येणार नाहीत, बाकी सगळं ठीक. तिच्यावर साधी कॉपी चालवून पाहा, मग डीडीरेस्क्यू चालवा, कुठला किती वाचवतो ते मोजा. एररची जागा बदला, आठाचे आठ हजार करा. खर्च शून्य, खऱ्या डिस्कला धोका नाही, फक्त लूपचा नंबर नीट पाहा. हे जमलं की आपल्या गावच्या दूध संस्थेत किंवा गल्लीतल्या पतसंस्थेत जा आणि सचिवांना म्हणा, "काका, तुमची बॅकअपची डिस्क द्या, फक्त वाचून बघतो." ती वाचण्यापुरती जोडा, मार्चअखेरची फाईल दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्या आणि तिथे उघडा. सभासदांची यादी येते का, शेवटची शिल्लक वहीशी जुळते का, ते काकांना शेजारी बसवून दाखवा. जुळली नाही तर त्याच संध्याकाळी नवा बॅकअप घेऊन द्या, आणि तोही तसाच उघडून पाहा.